ऑनलाइन कोर्सचे कोटेशन : आकडा सांगण्याआधी

"एका मिनिटाचे किती घेणार?" ऑनलाइन प्रशिक्षणाचा कोर्स बनवून देणाऱ्याला पहिल्याच फोनवर हा प्रश्न येतो. समोरचा माणूस घाईत असतो, आपल्याला काम हवे असते, आणि आपण भिडेखातर एक आकडा बोलून जातो. पुढचे तीन महिने त्या आकड्याची भरपाई करण्यात जातात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हे काम करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. इथली बरीच तरुण मंडळी रोज कर्जत लोकल पकडून मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या कंपन्यांत कंटेंट, ग्राफिक्स, व्हिडिओ संकलनाची कामे करतात. त्यांपैकी अनेकांच्या मनात स्वतःचे काम सुरू करण्याचा विचार असतो, आणि गिऱ्हाईकही दूर शोधावे लागत नाही. अंबरनाथच्या आनंदनगर आणि मोरिवली एमआयडीसीत, बदलापूरच्या माणकिवली भागात रसायनांचे, औषधांचे, इंजिनिअरिंगचे कारखाने आहेत. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांत जीन्सपासून फर्निचरपर्यंत व्यापार पसरला आहे. नव्या कामगाराला सुरक्षेचे नियम शिकवणे, विक्रेत्यांना माल समजावून देणे, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याची (२०१३) माहिती देणे, अशा गरजा या सगळ्यांना आहेत.

हा धंदा महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्सने १९९० पासून जगभरच्या कंपन्यांसाठी असे कोर्स केले. २०१८ मध्ये ती कंपनी एमपीएसने घेतली. एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीमुळे संगणकावर बसून शिकणे गावोगावी पोचले. मोठ्या कंपन्यांत मात्र अंदाज काढायला वेगळी माणसे असतात. घरातल्या एका खोलीतून काम करणाऱ्याला लेखक, चित्रकार, तंत्रज्ञ आणि मुनीम या चारही भूमिका एकट्याने कराव्या लागतात. त्यात मुनिमाची बाजू लंगडी पडली की बाकी तिघांची मेहनत फुकट जाते.

मिनिटाचा भाव कुठे फसतो

पाच मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे तयार मजकुरावर आवाज चढवून फिरती चित्रे लावणे, असे काम असू शकते. पाच मिनिटांत कामगाराने पडद्यावर वाल्व निवडायचा, चूक केली तर परिणाम पाहायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा, असेही असू शकते. मिनिटे तेवढीच, कष्टांत पाच-सहा पटींचा फरक.

अमेरिकेतल्या चॅपमन अलायन्सने २०१० मध्ये केलेली पाहणी या धंद्यात आजही आधाराला घेतली जाते. एक तासाचा कोर्स तयार करायला सरासरी किती तास लागतात, हे त्यांनी तीन पातळ्यांत मांडले. साधी पाने, चित्रे आणि प्रश्न असा कोर्स असेल तर ७९ तास. आवाज, ॲनिमेशन आणि मध्यम प्रमाणात शिकणाऱ्याचा सहभाग असेल तर १८४. प्रसंग उभे करून शिकणाऱ्याला निर्णय घ्यायला लावणारा गुंतागुंतीचा कोर्स असेल तर ४९०. साधने आता सुधारली आहेत आणि आपल्याकडची कामाची पद्धतही वेगळी आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. पातळ्यांमधले अंतर मात्र डोक्यात पक्के ठेवा. गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत तिन्ही प्रकारचे एकेक मिनिटाचे नमुने मोबाइलवर दाखवा आणि "यातला कोणता?" असे विचारा. अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

आकड्याआधीचे प्रश्न

कोटेशन लिहायला बसण्याआधी पुढच्या प्रश्नांची उत्तरे मिळवा.

शिकणार कोण? प्लांटमधला कंत्राटी कामगार की ऑफिसातला पदवीधर? कामगाराकडे कंपनीचा ईमेल नसतो, तो मोबाइलच्या छोट्या पडद्यावर बघणार असतो, आणि अनेकदा त्याची वाचण्याची भाषा मराठी नसून हिंदी असते. मग पडद्यावरचा मजकूर कमी, आवाज आणि चित्र जास्त, म्हणजे खर्चाचा तोलच बदलला.

मजकूर कोणत्या अवस्थेत आहे? "सगळे मटेरियल तयार आहे" यावर विश्वास ठेवू नका, फाइल मागा. बऱ्याच कारखान्यांत कार्यपद्धतीची फाइल इंग्रजीत असते, दोन-तीन वर्षांपूर्वीची असते, आणि प्रत्यक्ष काम कसे चालते ते शिफ्टच्या सुपरवायझरच्या डोक्यात असते. ते डोक्यातले कागदावर आणण्याचे तास तुमचे जातात.

मंजुरी कोण देणार? एचआरने मंजूर केले, सेफ्टी ऑफिसरने बदलले, मग मालकांच्या मुलाने पाहिले आणि रंग आवडला नाही, असे होऊ द्यायचे नसेल तर अंतिम शब्द एकाच माणसाचा असे ठरवून घ्या आणि त्याचे नाव कोटेशनमध्येच लिहा.

कोर्स चालणार कुठे? काही कंपन्यांकडे स्वतःची एलएमएस, म्हणजे कोर्स चालवणारी आणि नोंद ठेवणारी प्रणाली असते. तिथे स्कॉर्म प्रकारातली फाइल द्यावी लागते आणि तिची आवृत्ती १.२ हवी की २००४ हेही आधी विचारावे लागते. काहींकडे काहीच नसते. त्यांना मूडल या एलएमएसवर जागा करून देता येते; सॉफ्टवेअर फुकट आहे, पण सर्व्हर, मांडणी आणि देखभाल फुकट नाही. कधी तर आठ छोटे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवून गिऱ्हाइकाचे काम भागते. तसे असेल तर मोकळेपणाने सांगा. मात्र ऑडिटच्या वेळी किंवा कारखाना निरीक्षकासमोर कोणी प्रशिक्षण घेतले याची नोंद दाखवायची असेल, तर व्हॉट्सॲप पुरत नाही, हेही त्याच वेळी सांगा.

शूटिंग लागणार का? रसायनाच्या कारखान्यात हा प्रश्न मोठा आहे. जिथे ज्वालाग्राही वाफा असण्याची शक्यता असते तिथे साधा मोबाइल, कॅमेरा किंवा दिवा आत नेता येत नाही. वर्क परमिट काढावे लागते, किंवा प्लांट बंद असताना चित्रीकरण करावे लागते. आपल्या भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते आणि देखभालीसाठी वीजही बऱ्याचदा शुक्रवारीच जाते. सुट्टीचा म्हणून शुक्रवार ठरवला आणि आत अंधार निघाला, तर भाड्याच्या कॅमेऱ्याचा दिवस तुमच्या माथी बसतो. काही दृश्ये चित्रांतून दाखवणे स्वस्त पडते का, हे आधीच पाहून ठेवा.

तुमच्या एका तासाची किंमत

समजा, तुम्हाला घरखर्चासाठी महिन्याला ४०,००० रुपये हवेत. जागा, वीज आणि इंटरनेटला ८,००० जातात. सॉफ्टवेअरच्या वर्गण्या, संगणकाची झीज यांचा महिन्याचा हिस्सा १२,००० येतो. एकूण ६०,००० झाले. इथे 'जागा' म्हणजे घरातली खोली असली तरी तिचे भाडे धरा. पुढे जागा घ्यावी लागली की भाव अचानक वाढवता येत नाही. स्टोरीलाइनसारख्या कोर्स बनवण्याच्या साधनांची वर्गणी डॉलरमध्ये असते, म्हणून रुपया घसरला की हा हिस्सा वाढतो, तेही लक्षात ठेवा.

आता हे ६०,००० किती तासांनी भागायचे? २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास, असे धरले तर तास ३०० रुपयांना पडतो. पण या २०० तासांत नवी गिऱ्हाइके शोधणे, आनंदनगरपर्यंत रिक्षाने जाऊन गेटवर पास बनेपर्यंत थांबणे, बिले, उधारीची आठवण, नवे सॉफ्टवेअर शिकणे हे सगळे असते. यांचे पैसे कोणी वेगळे देत नाही. बिलात धरता येतील असे तास १२० मिळाले तरी बरे. मग तासाला ५०० रुपये लागतात. ३०० आणि ५०० यांच्यातले २०० रुपये म्हणजेच 'काम भरपूर आहे, पण हातात काही उरत नाही' ही तक्रार. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही मांडा, पण भागाकार मात्र असाच करा.

एक कोटेशन उलगडून

आता कल्पनेतले एक काम घेऊ. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रसायनाच्या कारखान्याला सॉल्व्हंटचे ड्रम हाताळण्याचा कोर्स हवा आहे. पाच मिनिटांचे सहा भाग, एकूण ३० मिनिटे. आधी मराठी, मग हिंदी. प्रत्येक भागानंतर प्रश्नमंजुषा. थोडे शूटिंग, बाकी चित्रे.

मराठी आवृत्तीचे तास असे :

- भेटी, प्लांटची पाहणी, मजकूर गोळा करणे : १२
- अभ्यासक्रमाचा आराखडा : ६
- स्क्रिप्ट आणि स्टोरीबोर्ड : २४
- चित्रे आणि ॲनिमेशन : २२
- शूटिंग (दोन माणसे, प्रत्येकी ५ तास) : १०
- व्हिडिओ संकलन : १२
- आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि सफाई : ६
- सगळ्याची जोडणी, प्रश्नमंजुषा : १६
- तपासणी, एलएमएसवर चढवणे : ६
- दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या : १४
- फोन, बैठका, पाठपुरावा : १२

एकूण १४० तास. तासाला ५०० प्रमाणे ७०,००० रुपये. बाहेर द्यायचे पैसे, म्हणजे आवाज देणारा कलाकार, कॅमेऱ्याचे भाडे, संगीत आणि छायाचित्रांचे परवाने, प्रवास, हे १२,००० धरू. हिंदी आवृत्ती म्हणजे नुसते भाषांतर नव्हे. आवाज बदलला की वाक्यांची लांबी बदलते आणि प्रत्येक ॲनिमेशनची वेळ पुन्हा जुळवावी लागते. त्याचे २६ तास, म्हणजे १३,००० आणि कलाकाराचे ४,०००. इथवर बेरीज ९९,०००.

यावर अनिश्चिततेचे १० टक्के, ९,९०० रुपये. झाले १,०८,९००. त्यावर २० टक्के नफा, २१,७८०. कोटेशनचा आकडा १,३०,६८०, म्हणजे सुमारे १,३१,००० रुपये.

नफा वेगळा का, स्वतःचे ४०,००० तर आधीच धरले आहेत, असे वाटेल. ते तुमचे पगाराचे पैसे. नफा हा धंद्याचा. काम नसलेला महिना, बुडालेले बिल, नवा संगणक त्यातून निघतो.

आता मिनिटाचा भाव पाहा. "मिनिटाला १,५०० देतो" असे गिऱ्हाईक म्हणाले आणि तुम्ही हो म्हणालात, तर ३० मिनिटांचे ४५,००० होतात. मराठी आवृत्तीच्या तुमच्या नुसत्या श्रमाचेच ७०,००० आहेत. नफा तर सोडाच, पदरचे २५,००० गेले आणि हिंदी आवृत्ती अजून बाकीच.

खर्च वाढतो तो दुरुस्त्यांमध्ये

वरच्या यादीत सगळ्यात बेभरवशाची ओळ दुरुस्त्यांची. स्क्रिप्टमधले एक वाक्य घ्या : "पंप सुरू करण्याआधी ड्रमला अर्थिंगची क्लिप लावा." स्क्रिप्ट मंजूर झाली, आवाज झाला, ॲनिमेशनमध्ये क्लिप लागली, हिंदी आवृत्तीही तयार झाली. मग सेफ्टी ऑफिसर शेवटचे बघताना म्हणतात, "क्लिप लावल्यावर जोडणी नीट बसली का ते तपासायचे असते. ते राहिले." त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि ते घालायलाच हवे. पण या एका वाक्यासाठी दोन्ही कलाकारांना परत बोलवायचे, त्याच आवाजात, त्याच ठिकाणच्या ध्वनीत वाक्य घ्यायचे, ॲनिमेशन लांबवायचे, उपशीर्षके बदलायची, प्रश्नमंजुषेतला एक पर्याय बदलायचा, आणि फाइल पुन्हा काढून तपासायची. पाच-सहा तास सहज जातात. हेच स्क्रिप्टच्या वेळी सांगितले असते तर दहा मिनिटांचे काम होते.

म्हणून टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्यावर लेखी मंजुरी घ्या. व्हॉट्सॲपवरचे "ओके" मेलवर मागून घ्या. आराखडा, मग स्क्रिप्ट, मग एक नमुना भाग, मग बाकीचे. स्क्रिप्ट मंजूर झाल्याशिवाय ध्वनिमुद्रण नाही. कोटेशनमध्ये 'चूक' आणि 'बदल' यांत फरक करा. मंजूर स्क्रिप्टप्रमाणे काम झाले नसेल तर ती तुमची चूक, कितीही वेळा फुकट दुरुस्त करा. मंजूर झालेलेच बदलायचे असेल तर तो बदल. दोन फेऱ्या किमतीत, पुढच्या फेऱ्या तासाच्या दराने. हा दर कोटेशनवर छापलेला असला की बदल आपोआप कमी होतात.

संगणकाने तयार केलेला आवाज वापरला तर कलाकाराला परत बोलवण्याचा खर्च वाचतो, हे खरे. सुरुवातीच्या मसुद्यांसाठी तो जरूर वापरा. अंतिम कोर्समध्ये मात्र रसायनांची नावे, 'च' आणि 'ज' यांचे मराठी उच्चार कान देऊन ऐका. कामगार एका चुकीच्या उच्चारावर हसला की पुढची पाच मिनिटे तो काही ऐकत नाही. ऐकण्याचे तास अंदाजात धरा.

अंदाजच येत नसेल तेव्हा

काम नवे आहे, मजकूर विस्कळीत आहे, गिऱ्हाइकालाही नेमके काय हवे ते ठाऊक नाही. अशा वेळी पूर्ण कोर्सचा आकडा देऊ नका. एका भागाचे वेगळे, सशुल्क काम घ्या. तो करताना प्रत्येक कामाला लागलेले तास लिहा. त्या नोंदीवरून बाकीच्या भागांचे कोटेशन द्या. जे गिऱ्हाईक एका भागाचेही पैसे द्यायला तयार नाही, ते सहा भागांचे वेळेवर देईल ही आशा सोडा.

एकच कोर्स अनेक कारखान्यांना विकता येईल, म्हणून पहिल्याला स्वस्तात देण्याचा मोहही टाळा. लैंगिक छळ प्रतिबंधासारखा विषय सगळीकडे सारखा असतो, हे ठीक. पण दुसरे गिऱ्हाईक अजून आलेले नाही. पहिल्याकडून पूर्ण खर्च वसूल होऊ द्या. पुढच्यांना सवलत द्यायला तेव्हा जागा असेल.

हक्क, कर आणि उधारी

कोर्स तयार झाल्यावर तो कोणाचा? कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) बाहेरून करून घेतलेल्या लिखाणाचा पहिला हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याचा असतो. पैसे देऊन बनवून घेतलेल्या फिल्मचा हक्क मात्र, वेगळा करार नसेल तर, बनवून घेणाऱ्याचा. एकाच कोर्समध्ये दोन्ही असतात, म्हणून लेखी करार हवाच. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असे कायदा धरतो. मूळ, बदलता येण्याजोग्या फाइल द्यायच्या असतील तर त्यांची किंमत वेगळी लावा. त्या दिल्या की पुढच्या वर्षीच्या दुरुस्त्या दुसऱ्या कोणाकडेही जाऊ शकतात.

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि या कामावर १८ टक्के कर आकारावा लागतो. कोटेशनवर "जीएसटी वेगळा" किंवा "जीएसटी लागू नाही" यांपैकी एक स्पष्ट लिहा. गिऱ्हाईक टीडीएस कापेल. व्यावसायिक सेवा धरली तर साधारण १० टक्के, कंत्राट धरले तर त्याहून बराच कमी. १,३१,००० च्या बिलात १० टक्के म्हणजे १३,१०० रुपये लगेच हातात येत नाहीत. ते विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतात. त्या महिन्याची तजवीज तशी ठेवा.

आणि उधारी. आपल्याकडचा व्यापार ओळखीवर चालतो, आणि ओळखीत पैसे मागायला जीभ रेटत नाही. म्हणून पैशांचे टप्पे कामाच्या टप्प्यांना बांधा. काम सुरू करताना ३० टक्के, स्क्रिप्ट मंजूर झाल्यावर ३०, पहिला पूर्ण मसुदा दिल्यावर ३० आणि अंतिम फाइल देताना १०. शेवटी अडकले तरी दहाच टक्के अडकतील. उद्यम नोंदणी करून ठेवा. ती विनाशुल्क आहे. अशी नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागते, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. शिवाय २०२३-२४ पासून असे बिल मुदतीत दिले नाही, तर गिऱ्हाइकाला तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. मार्च महिन्यात ही गोष्ट त्यांच्या अकाउंटंटच्या कानावर घातली की अडकलेली बिले हलतात.

घासाघीस झाली तर

भाव कमी करून मागणे हा इथल्या बाजाराचा रिवाज आहे. त्यात अपमान काही नाही. पण किंमत उतरवायची तर कामही उतरवा. शूटिंग काढून चित्रे ठेवू, सहाऐवजी चार भाग करू, हिंदी आवृत्ती पुढच्या तिमाहीत घेऊ. यादीतली कोणती ओळ गेली आणि तिचे किती तास गेले, हे समोर ठेवून आकडा कमी करा. काहीही न काढता आकडा पंचवीस हजारांनी उतरला, तर पहिला आकडा फुगवलेला होता असे गिऱ्हाईक समजते, आणि पुढच्या वेळी पन्नास हजारांनी उतरवू पाहते.

कोटेशनच्या शेवटी "यात समाविष्ट नाही" असा चार ओळींचा मजकूर लिहा : तिसरी भाषा, एलएमएसची वार्षिक देखभाल, दोन फेऱ्यांपुढचे बदल, नियम बदलल्यास कोर्सची नवी आवृत्ती. वाद बहुधा लिहिलेल्या गोष्टींवर होत नाहीत, न लिहिलेल्यांवर होतात.

काम संपल्यावर अर्धा तास काढून अंदाजाचे तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास शेजारी शेजारी लिहा. कोणती ओळ दर वेळी फुगते ते दोन-तीन कामांत कळते. कोणाची स्क्रिप्टची फुगेल, कोणाची पाठपुराव्याची. चॅपमनच्या आकड्यांपेक्षा हे तुमचे आकडे जास्त खरे. पुढचे गिऱ्हाईक "मिनिटाचे किती?" विचारेल तेव्हा त्याला याच कागदावरून उत्तर द्या.